आण्णांनी नानांची कार्डं नीट केली

आमच्या घरात धारदार वस्तू एकच आहे, आणि ती नेमकी आण्णांच्या हातात आहे.

आण्णा म्हणजे माझे वडील. माकणीत त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दुकानात दोन मशीन आहेत, पण आण्णांचा जीव आहे तो कटरवर. लांब पात्याचा, मूठ खाली दाबली की खस्सकन कागद कापणारा कटर. कुठल्याही कागदाची कड झिजलेली, दुमडलेली किंवा चहा सांडलेली दिसली, की आण्णांना आतून काहीतरी व्हायला लागतं. "आण इकडं, नीट करून देतो," असं म्हणतात, आणि समोरचा हो म्हणायच्या आत खस्स! गावातली निम्मी कागदपत्रं आण्णांनी अशी नीट केलेली आहेत. एकदा शेजारच्या बब्रुवान काकांचा शाळा सोडल्याचा दाखला नीट केला, त्यात हेडमास्तरांची अर्धी सही गेली. (जन्मतारीख वाचली, हे बब्रुवान काकांचं नशीब.) एका लग्नाच्या फोटोतून नवरदेवाची आत्या उभी अर्धी गेली. ती आत्या अजूनही आमच्या दुकानावरून जाताना मान दुसरीकडं करते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात आण्णांचा हेतू वाईट नव्हता. आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. आमचे हेतू इतके चांगले होते, की मला आता चांगल्या हेतूंचीच भीती वाटते.

नाना म्हणजे माझे चुलते, आण्णांचे धाकटे भाऊ. आमच्यातच राहतात, शेती बघतात. त्यांना लेकरू नाही. गेल्या वर्षी काकी गेली. कावीळ झाली म्हणून सोलापूरला नेली, चार दिवसांत परत आणू असं सगळे म्हणत होते, आणि परत आणलीच, पण बोलत नव्हती. त्या दिवसापासून नानाही बोलायचे थांबले. म्हणजे अगदी मुके झाले असं नाही. दोन शब्द शिल्लक होते.

"नाना, भाकर वाढू का?" आई विचारायची.

"व्हय."

"भाजी?"

"न्हाय."

एवढ्यावर त्यांचं वर्ष चाललं होतं. दाढी वाढली होती. दुपारी काकीच्या आणि त्यांच्या खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे. त्यात नवीन काही नव्हतं. काकी असतानाही दुपारची जेवणं झाली की ते दार लागायचंच. (नवराबायको आहेत, बंद दाराविषयी आपण कशाला विचारायचं! आजी होती तोवर ती 'नाना झोपलाय' एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.) आता मात्र आई त्या दाराशी उगाच केरसुणी घेऊन झाडत राहायची. आतून नुसता श्वासाचा आवाज आला तरी तिला बरं वाटायचं.

मी धाराशिवला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. विषय सांख्यिकी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी, त्यामुळं घरात कुठलाही प्रश्न निघाला, मोटार जळाल्यापासून मांजर व्यायल्यापर्यंत, की सगळे माझ्याकडं बघतात. मला त्यातलं काही येत नाही. पण मीही मान हलवते. काय करणार!

एका शनिवारी मी घरी आले होते. जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "आई, सोलापूरला एक सर आहेत म्हणं. जुनी क्रिकेटची कार्डं जमवतात. त्यांचं प्रदर्शन भरवतात."

"माझ्याकडं हायत," नाना म्हणाले.

आईच्या हातातली पळी आमटीत पडली. आण्णांनी घास तसाच धरला. कुणी काही विचारलेलं नसताना नाना बोलले होते!

नाना उठले, खोलीत गेले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. आत क्रिकेटची कार्डं होती. शाळेत असताना च्युइंगमच्या पाकिटात मिळायची ती. पुढं खेळाडूचं चित्र आणि खाली त्याच्या धावा आणि विकेट छापलेल्या, पाठीमागं सगळ्यांवर एकच नक्षी. नाना सगळा खाऊचा पैसा त्या च्युइंगममध्ये घालवायचे, असं आण्णा म्हणाले. (स्वतः नाना म्हणाले नाहीत. तेवढ्यात परत मिटले होते.) संच पूर्ण होता, पण कार्डं फार झिजलेली. कोपरे मऊ पडलेले, बऱ्याच कोपऱ्यांना दुमड, कडा पांढऱ्या झालेल्या, दोन-चार कार्डांवर हळदीची पिवळी बोटं. मला वाटलं, लहानपणी खेळली असतील, म्हणून अशी झाली.

मी मैत्रिणीकडून त्या सरांचा नंबर मिळवला. मुजावर सर, निवृत्त शिक्षक. फोनवर मी इतकं शुद्ध बोलले, की मलाच ओळखू येईना. माझ्या तोंडून 'निश्चितच' असा शब्द गेला. आमच्या घराण्यात तो पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

"असं कर बेटा," मुजावर सर म्हणाले, "लोहाऱ्याला माझी सासरवाडी आहे. पुढच्या रविवारी येणारच आहे, तुमच्याकडं चक्कर मारतो. पण आधीच सांगतो, मी पहिल्यांदा कडा आणि कोपरे बघतो. बाकी सगळं नंतर. माल चांगला असला तर प्रदर्शनात लावू. खाली तुमच्या नानांचं नाव टाकू. उद्घाटनाला त्यांनाच बोलवू."

मी घरी जसंच्या तसं सांगितलं. नाना म्हणाले, "सोलापुरात कुठं?"

आईनं मला ओढत चुलीपाशी नेलं. तिचे डोळे भरले होते. "आश्वे, हे जमलंच पायजे बघ. सोलापूरचं नाव काढलं तर ह्यो माणूस तोंड फिरवत हुता. आता जातो म्हणंल. येकदा उंबऱ्याच्या भाईर पडला की मानसात यील."

आता यात चुकायला काही जागा होती का? पण आम्ही शोधली.

पुढच्या शनिवारी मी आले, तेव्हा नानांनी डबा माझ्या हातात दिला. "पुसून ठिव. नुसतं पुस." पूर्ण वाक्य! मी डबा घेऊन दुकानात गेले, कारण मऊ फडकं तिथं होतं. आई आण्णांचा जेवणाचा डबा घेऊन तिथंच आलेली. तिनं कार्डं पाहिली आणि गालाला हात लावला.

"आगं बया! पावण्यापुढं हे असलं ठिवायचं? पावण्याला आपुन टवका गेलेल्या कपात चहा देतो का?"

"आई, जुनी आहेत ती. जुनीच दिसणार."

"जुनं म्हणून काय झालं? घरात माणूस जुनं न्हाय का? पण कुणी यायचं म्हणलं की त्याला धुतलेलं नेसवून बसवतोच की!"

आण्णा कार्डांकडं बघत होते. त्यांची बोटं वळवळायला लागली होती. "सर काय म्हणले हुते? परत सांग."

"म्हणाले, आधी कडा आणि कोपरे बघतो."

"मग?" आण्णा उभेच राहिले. "आन् तू फडकं मारायलीस?"

"पण आण्णा, असं करावं का... म्हणजे मला वाटतं..." मी म्हणाले. मला काय वाटतं, हे मला बोलताना कधीच नीट सापडत नाही. आणि खरं तर मलाही पटलं होतं. माणूस आधीच सांगतो, की मी कडा बघतो. मग कडा नीट नको करायला? परीक्षेत बाई म्हणतात अक्षर बघते, तर आपण अक्षर सुधारतोच ना!

"कोपरा नुसता येक मिलिमीटर," आण्णा म्हणाले.

खस्स.

खरं सांगते, पहिलं कार्ड फार सुंदर दिसलं. कड कशी पात्यासारखी! कोपरा टोचेल असा. आई म्हणाली, "बघा, नवं झालं." पण एका बाजूची पांढरी पट्टी गेली आणि दुसऱ्या बाजूची राहिली, त्यामुळं फलंदाज एका अंगाला कलल्यासारखा दिसायला लागला. म्हणून दुसरी बाजू. खस्स. मग वरची. खस्स. मग खालची. आता हे कार्ड बाकीच्यांपेक्षा लहान झालं. डब्यात सगळ्यांत बुटकं दिसायला लागलं. म्हणून बाकीचीही त्याच मापाची करणं आलं.

दहा-बारा कार्डं सुरेख झाली. मग गठ्ठ्यातलं एक सरकलं आणि पातं तिरपं गेलं. त्या खेळाडूची बॅट अर्धी राहिली.

"आता?" आई म्हणाली.

"आता काय, सगळी ह्याच्या मापाची," आण्णा म्हणाले. कपाळावर घाम आला होता, पण हात थांबत नव्हता. दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडाची गोष्ट आम्ही तिघंही शाळेत शिकलो आहोत. त्या वेळी एकालाही आठवली नाही.

एका यष्टिरक्षकाचा हातमोजा गेला. एका गोलंदाजाचा चेंडू गेला, तो नुसताच हात वर करून उभा राहिला, हजेरी देतोय तसा. मी नीट बघितलं, तर चित्राखालचे आकडेही कापले जात होते. हजारो धावा काढलेल्या एका माणसाचा शेवटचा आकडा गेला आणि तो एका दुपारीत शेकड्यांवर आला. मी सांख्यिकी शिकते! माझ्या डोळ्यांदेखत विदा (म्हणजे डेटा) कापली जात होती आणि मी कापलेल्या पट्ट्या गोळा करून पोत्यात भरत होते.

"आता लॅमिनेशन," आण्णा म्हणाले. त्यांनी मशीन तापवायला ठेवलं, आणि लाईट गेली. त्या दिवसात आमच्या बाजूनं घडलेली एवढीच एक गोष्ट.

रविवारी सकाळी आण्णांनी न्हाव्याला घरी बोलावलं. नानांची दाढी झाली, केस झाले. आईनं बंब पेटवला, नानांना आंघोळीला कढत पाणी काढलं, नवा शर्ट दिला. नाना ओट्यावर खुर्चीत बसले, तर दोन माणसं रस्त्यावरून परत फिरून आली. "नाना, कुठं निघालाव?"

"सोलापूरला," नाना म्हणाले. "आज न्हाय. बोलवणं आलं की."

आई आत पदरात तोंड घालून रडत पोहे परतत होती.

मुजावर सर आले. पांढरे केस, खांद्याला पिशवी, बोलायला गोड. आणि नाना त्यांच्याशी बोलायला लागले! एसटी स्टँडवरच्या पानटपरीवर च्युइंगम कसं मिळायचं, एका कार्डासाठी उमरग्यापर्यंत सायकल कशी हाणली, मास्तरांनी डबा कसा जप्त केला. वर्षभराचं साठलेलं बाहेर येत होतं. आण्णा, आई, मी, आम्ही दाराआडून ऐकत होतो. आण्णांनी माझा हात धरला होता. त्यांनी माझा हात शेवटचा कधी धरला होता, मला आठवत नाही.

"चला, आता बघू तुमचा खजिना," सर म्हणाले.

नानांनी स्वतः डबा उघडला.

सरांनी पहिलं कार्ड उचललं. दुसरं उचललं. मग पिशवीतून स्वतःचं एक कार्ड काढलं, अगदी तेच, त्याच खेळाडूचं, कोपरे झिजलेलं. ते आमच्या कार्डावर ठेवलं. आमचं कार्ड खाली पूर्ण झाकलं गेलं. दिसेनासंच झालं.

"हे कुणी कापलं?" सरांनी विचारलं.

"म्या!" आण्णा दारातून पुढं आले. छाती पुढं. "सगळी हातानं. येकबी रेघ मारली न्हाय."

सरांनी दोन्ही कार्डं खाली ठेवली. मग हळू म्हणाले, "भाईसाब, लोक का कापतात ते मला ठाऊक आहे. कोपरा झिजला की बघवत नाही. वाटतं, एवढंसं काढलं तर कोण बघतंय. मोठमोठे लोक करतात, विकायला करतात. तुम्ही तर प्रेमानं केलंय, दिसतंय मला. पण झिजलेलं चालतं हो आम्हाला. कापलेलं चालत नाही."

"पर तुमीच म्हणलाव कडा बघतो!"

"हां. कापल्यात का, हेच बघतो मी."

आण्णा माझ्याकडं वळले. आईही वळली. घरातलं शिकलेलं माणूस मी. मी खाली, फरशीकडं बघितलं.

पण नाना कुणाकडंच बघत नव्हते. त्यांनी कार्डं पालथी करून मांडीवर घेतली होती आणि एकेका कार्डाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होते. सगळ्या गठ्ठ्यावरून फिरवला. परत पहिल्यापासून सुरू केलं.

"काय शोधताय नाना?" आईनं विचारलं.

"तिची दुमड."

कुणाला काही कळलं नाही. मग नाना सांगायला लागले. आमच्याकडं न बघता, सरांना सांगितल्यासारखं. त्या बंद दाराआड दुपारी ते आणि काकी या कार्डांनी खेळायचे. (आजीला पत्ते म्हणजे जुगार, म्हणून दार बंद. आणि आम्ही इतकी वर्षं विषय बदलत होतो!) कार्डं निम्मी निम्मी वाटायची. ज्याची पाळी त्यानं आपलं वरचं कार्ड बघून धावा म्हणायचं किंवा विकेट म्हणायचं. ज्याचा आकडा मोठा, त्यानं दोन्ही कार्डं घ्यायची. काकी चौथी शिकलेली. क्रिकेट तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी रोज जिंकायची.

"फलंदाजाचा वरचा कोपरा दुमडायची, गोलंदाजाचा खालचा," नाना म्हणाले. "माझ्या हातातलं कार्ड पाठीमागनंच वळखायची. माझ्यापाशी फलंदाज आसला की विकेट म्हणायची. स्वयपाकातनं तशीच उठून यायची, हाताची हळद लागायची कार्डाला."

"लबाडी करायची म्हणा की!" सर हसत म्हणाले.

"लई."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात," नाना म्हणाले. "कळू दिलं न्हाय."

आण्णा खुर्चीत बसले. मग एकदम उठले. "पोतं! आश्वे, कापलेल्या पट्ट्यांचं पोतं कुठाय? त्यात आसतील की सगळे कोपरे!"

मी आईकडं बघितलं. आई अंगणाच्या कोपऱ्यातल्या बंबाकडं बघत होती. दुकानातलं कापलेल्या कागदाचं पोतं दर रविवारी बंबाला येतं. त्या दिवशी सकाळीही आलं होतं. काकीनं दुमडलेले सगळे कोपरे जाळून तापवलेल्या पाण्यानं नाना आंघोळ करून, दाढी करून, नवा शर्ट घालून बसले होते.

सर जायला उठले. नानांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माफ करा, मी ही लावू शकत नाही." नाना म्हणाले, "व्हय." मी सरांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मला फार काही बोलायचं होतं. शेवटी तोंडून निघालं, "निश्चितच."

त्यानंतर नाना परत दोन शब्दांवर आले. खरं तर एकावरच. 'व्हय' कमी झालं. दाढी पुन्हा वाढली. आण्णांनी कटरवर फडकं टाकलं. लोक फाटक्या कडांचे कागद घेऊन यायचे, आणि आण्णा फाटक्या कडांसकट लॅमिनेशन करून द्यायचे. एकजण म्हणाला, "आवो, जरा नीट तरी करा की." आण्णा म्हणाले, "झिजल्यालं चालतं." दोघं भाऊ ताटाशेजारी ताट घेऊन बसायचे आणि दोघंही गप्प. आधी घरात एक मुका होता, आमच्या कर्तबगारीनं दोन झाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. दुपारी नानांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी समोरून जात होते.

"आश्वे," आतून आवाज आला. "बस. वाट."

समोर कापलेली कार्डं होती. मी वाटली. हरले. परत वाटली, परत हरले. दुसऱ्या दिवशीही तेच. नाना जिंकले की काही बोलायचे नाहीत, पण तिसऱ्या-चौथ्या डावाला "घ्या!" असं म्हणायचे. 'घ्या' हा नवीन शब्द होता. आई दाराबाहेर झाडत होती आणि तिथला केर कधीच गेलेला होता.

मी सतत हरत होते म्हणून मी वहीवर संभाव्यता मांडली. दोन बरोबरीच्या खेळाडूंत एकानंच सारखं हरण्याची शक्यता जवळजवळ शून्य येत होती. मी आईला स्वयंपाकघरात ते समजावून सांगितलं, की असं घडणं हा शुद्ध योगायोग असतो आणि तो फार दुर्मीळ असतो, आपण नशीबवान आहोत.

आईनं कणकेचा हात पुसला, मी आणलेल्या डब्यातलं एक कार्ड उचललं, पालथं केलं आणि उजेडात तिरपं धरलं. कोपऱ्यात नखानं केलेली बारीकशी खूण होती. दुसऱ्या कार्डावर खालच्या कोपऱ्यात.

"ह्यो बघ तुझा योगायोग," आई म्हणाली. "मला पयल्याच दिशी दिसला."

खरं म्हणजे मी इथं असं लिहायला हवं होतं, की मला ते सगळं माहीत होतं आणि नानांसाठी मी जाणूनबुजून हरत होते. पण मला काहीच दिसलं नव्हतं. म्हणून मी ठरवलं, की आता तरी मोठ्या मनानं तसं करायचं. रात्रभर डोक्यात तालीम केली. दुपारी बसले, आणि पहिल्याच हाताला माझ्याकडं भरपूर धावांचा फलंदाज असताना मी अगदी सहज, काही कळलंच नाही अशा चेहऱ्यानं म्हणाले, "विकेट."

नानांनी माझ्याकडं बघितलं. वर्षात पहिल्यांदा त्यांच्या मिश्या हलल्या.

"आश्वे," ते म्हणाले, "मुद्दाम कशाला हरतीस? तुला तसं बी येतंय कुठं!"